ताई सांगायची ती मालिका

८ सप्टेंबर

ताई,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुझ्या मागे सतत कुणीतरी बोलत असतं आणि तू मान वळवून "सी, सी", हो हो, म्हणत राहतेस. मेलमध्ये निदान माझं वाक्य पुरं होईपर्यंत तू माझ्याकडे बघशील.

परवाच्या शनिवारबद्दल लिहितेय. मी रागावलेली नाही. लग्न होऊन तू तिकडे गेलीस तेव्हापासून आपली पद्धत ठरलेली आहे: तुमच्याकडे मालिका लागली की तू फोन टीव्हीकडे वळवायचा आणि कोण काय म्हणतंय ते हळू आवाजात मला मराठीत सांगायचं. तू तिकडे सोफ्यावर, मी इकडे पलंगावर आणि मध्ये मालिकेतल्या चाव्या बनवणाऱ्या त्या बाईचं दुकान. आई म्हणते, "दोघींना वेड लागलंय. तिला भाषा कळते म्हणून ती बघते, तू कशाला?"

परवा फोन टीव्हीसमोर होता, पण तू अर्धा वेळ गप्पच होतीस. कारण तुझी नणंद येऊन तुझ्या आणि फोनच्या मध्ये बसली. पाय वर घेऊन, स्वतःचंच घर असल्यासारखी. (तिचंच आहे, माहीत आहे.) तिनं तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि काहीतरी म्हणाली. तू तिच्या तोंडाकडे पाहिलंस आणि मग खूप हसलीस. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणालीस, "काही नाही गं, मग सांगते." मग सांगितलं नाहीस.

हे तू हल्ली नेहमी करतेस. आधी तिच्याकडे बघतेस, मग हसतेस. हसायला तिची परवानगी लागल्यासारखी. लग्नाआधी तू थिएटरात सगळ्यांच्या आधी हसायचीस. लोक वळून बघायचे आणि मला खुर्चीखाली लपावंसं वाटायचं. माझ्याकडे बघून मात्र तू असं कधी हसली नाहीस.

तिच्या अंगात तुझा निळा स्वेटर होता. तो मी निवडला होता. पण तोही मुद्दा नाही.

मुद्दा एवढाच की मी स्पॅनिशचा क्लास लावला आहे. कामासाठी. आमच्याकडे कान तपासायला कधी कधी परदेशी लोक येतात. (एक आला होता. मागच्या वर्षी.)

हिरव्या कोटवालीचं पुढे काय झालं ते लिही. मागच्या भागात ती एक बॅग घेऊन दुकानासमोर उभी होती आणि तू म्हणालीस, ही त्या दुकानवालीची धाकटी बहीण आहे, भांडून गेलेली, आता मोठीला हाक मारायला धजत नाहीये. पुढे?

तू ठेवलेल्या नावाला जागणारी,
मोजपट्टी


२८ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. त्यातली एक ओळ अशी: "क्लास कशाला? मी आहे ना सांगायला." मी ती दोनदा वाचली. तुला आनंद होईल असं वाटलं होतं.

असो, क्लासचं सांगते. आमच्या बाई पूर्वी विमानात हवाई सुंदरी होत्या. अजूनही व्याकरण शिकवताना दोन्ही हात लांब करून बाहेर पडायचे मार्ग दाखवतात. या आठवड्याचा धडा सिनेमा आणि टीव्हीबद्दल बोलण्याचा. त्यांनी फळ्यावर एक चौकट काढली, तिची उजवी बाजू उघडीच ठेवली आणि म्हणाल्या, आज, या आठवड्यात, या वर्षात, आयुष्यात, म्हणजे जो काळ अजून संपलेला नाही त्यात जे पाहिलं, ते या रूपात सांगायचं. "आस बिस्तो?" म्हणजे पाहिलायस का? "ए बिस्तो." पाहिलाय. "तोदाबिया नो." अजून नाही. मराठीत हे आपण न शिकताच करतो. पाहिलाय, आलेय, जेवलेय. मला ते पहिल्या दिवशीच जमलं. बाकीच्यांचे हाल चालले आहेत.

माझ्या जोडीला एक दातांचे डॉक्टर आहेत, निवृत्त. मला त्यांना विचारायचं होतं: तुम्हाला कधी सिनेमा बघताना झोप लागली आहे का?

ते मराठीतच म्हणाले, "अहो, सगळ्यात चांगली झोप मला तिथेच लागली आहे. बायको तिकिटं काढते, मी झोपतो. संसार टिकलाय तो त्यावर."

"स्पॅनिशमध्ये, डॉक्टर!" बाई ओरडल्या.

"स्पॅनिशमध्ये नाही टिकायचा, बाई."

मग त्यांनी मला विचारलं, या आठवड्यात टीव्हीवर काय पाहिलं? मी आपली मालिका सांगितली. धाकटी बहीण परत आली आहे. तिनं कुणाला कळवलेलं नाही. मोठीनं दार उघडलं आहे, पण अजून काही बोललेली नाही. सगळी वाक्यं बरोबर आली. बँकेत काम करणारी एक मुलगी आहे, ती म्हणाली, "मग? घरात घेतलं का नाही?" आता क्लासच्या दर तासाला आधी तेच विचारतात. बाईंनी मालिकेचं नाव विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. का सांगू? ती आपली आहे.

तुझ्या नणंदेसाठी मी काही वाक्यं तयार केली आहेत. पहिलं असं: तुम्ही ही मालिका पहिल्या भागापासून पाहिली आहे का? त्यानंतरचं: मी पाहिली आहे, माझ्या बहिणीबरोबर, सगळी. उच्चार बाईंकडून तपासून घेतले आहेत. त्या सोफ्यावर ती येऊन बसायच्या आधीपासून मी आहे, हे तिला तिच्या भाषेत कळलं तर बरं.

यात वाईट काही नाही. ओळख वाढवतेय, एवढंच.

मोजपट्टी


५ ऑक्टोबर

ताई,

काल तू फोन बंद केलास, तो अजून बंदच आहे. भावोजींनी "नंतर बोलू" एवढंच लिहिलं आहे. म्हणून काय झालं ते मी क्रमानं लिहिते, म्हणजे पुढे त्यावर वाद नको.

दुकानवाली आणि हिरव्या कोटवाली टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या. हिरव्या कोटवालीच्या हातात कागद होता. तू मला हळूच सांगत होतीस: "ती म्हणतेय, तू बोलावलं नाहीस म्हणून मी आले नाही." मग दुकानवाली बोलली. तू थोडा वेळ थांबलीस आणि म्हणालीस: "मोठी म्हणतेय, बोलावलं नाही, कारण तू आली असतीस तर तुला सगळं दिसलं असतं."

मला ते वाक्य आवडलं. हेही लिहून ठेवते.

मग जाहिराती लागल्या. मी म्हटलं, "फोन तिच्याकडे दे."

"कुणाकडे? कशाला गं?"

"दे तर."

तू दिलास. मी पहिलं वाक्य म्हटलं. तुझ्या नणंदेनं टाळी वाजवली, किंचाळली, तुझ्या सासूबाईंना स्वयंपाकघरातून हाका मारल्या. बघा बघा, धाकटी बोलतेय! तिचं उत्तर मला पूर्ण समजलं. तिनं पहिल्या भागापासून पाहिली आहे, एकही भाग चुकवलेला नाही. मी म्हटलं, मीसुद्धा. तिनं भुवया वर केल्या. त्या भुवया मला आवडल्या नाहीत. म्हणून मी पुढे बोलले. म्हटलं, धाकटी बहीण परत आली आहे. मोठीनं तिला माफ केलं आहे.

"कुठली बहीण?" तिनं विचारलं.

"हिरव्या कोटवाली."

"ती? ती वकील आहे! दुकान रिकामं करायला सांगायला आलीय! नोटीस वाचून दाखवतेय ती!" तिनं हातवारे करून सांगितलं, म्हणून मला कळलं. आणि ती हसत सुटली. वाईट मनानं नाही, हे मान्य करते. मग तुझ्याकडे वळून तिनं काहीतरी विचारलं. सासूबाई हात पुसत आल्या आणि त्यांनीही विचारलं. त्यांचं वाक्य सोपं होतं, मला कळलं: मग तू इतके दिवस हिला काय सांगत होतीस?

तू हसलीस आणि म्हणालीस, "सी, सी."

त्या प्रश्नाला "हो" हे उत्तर होत नाही, ताई.

मग मला छत दिसलं, मग काहीच नाही.

आता माझं म्हणणं. एवढे महिने तू मला जे सांगितलंस ते त्या मालिकेत नव्हतंच. खरी मालिका तू तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर बघितलीस, आणि मला फोनवर लहान मुलीला झोपवायला सांगतात तसली गोष्ट. मी ती वर्गात सांगितली. लोक विचारतात मला, पुढे काय झालं म्हणून. खरं तिला आणि बनवलेलं मला, असं का? ती तुझ्या आयुष्यात आल्याला वर्षही झालं नाही.

उत्तर द्यायची घाई नाही. पण दे.


१६ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. आईला तू "बरी आहे, कामात आहे" असं कळवलंस. आईचा विश्वास बसला. तू तिला मागे सांगितलं होतंस ना, की आता स्वप्नंसुद्धा तिकडच्या भाषेत पडतात. ती ते शेजारणीला अजून सांगते.

काल दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. सुनेनं आणलं होतं. सून म्हणाली, "ऐकू येतं हो यांना. सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं. टीव्हीवर विनोद झाला की हसतात की आमच्याबरोबर!" शिक्षिका हसल्या.

मी दोघींना बाहेर बसवलं आणि मशीन लावायला घेतलं. आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही असतो. काचेतून मला त्या दिसत होत्या. काहीतरी विनोदी चाललं होतं. सून हसली, शेजारचा माणूस हसला. शिक्षिकांनी आधी सुनेचं तोंड पाहिलं, मग शेजारच्या माणसाचं, आणि मग त्या हसल्या. सगळ्यांपेक्षा जोरात. नंतर आवाजबंद खोलीत बसवून हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबा. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघून बटण दाबत होत्या. मी पाठ वळवली तेव्हा बटण थांबलं.

हे मी रोज बघते. ज्यांना ऐकू येत नाही ते गप्प बसत नाहीत. ते हसतात, मान हलवतात, "हो हो" म्हणतात. हसू फक्त जरासं उशिरा येतं, कारण ते आधी दुसऱ्याच्या तोंडावर बघावं लागतं.

मी हातातलं मशीन खाली ठेवलं. मला तुमचा सोफा दिसला.

तुला भाषा येत नाही, ताई. थोडी येत असेल. पण मालिकेत काय चाललंय ते कळण्याइतकी नाही, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे एकदम बोलतात तेव्हा तर नाहीच. तू "समजतं मला" म्हणालीस आणि मग ते मागे घेता आलं नाही. आमच्याकडच्या लोकांचं अगदी असंच होतं. पहिल्या महिन्यात "काय म्हणालात?" विचारायला लाज वाटत नाही. नंतर वाटते.

हे मला दिसायला हवं होतं. दिसलंही होतं. पहिल्या पत्रात मी तेच लिहिलंय, की आधी तिच्याकडे बघतेस, मग हसतेस. फक्त मला वाटलं, ते प्रेम आहे. माझं काम हे, माझं शिक्षण हे, आणि मी बसून मोजत काय होते, तर ती तुझ्या किती जवळ बसते ते.

म्हणजे खरी मालिका तू तिच्याबरोबरही पाहिली नाहीस. कुणाबरोबरच नाही. तू चित्रं बघत होतीस आणि मला जे सांगत होतीस ते तुझं तूच सांगत होतीस. ते दुकानवालीचं वाक्यसुद्धा, तू आली असतीस तर तुला सगळं दिसलं असतं, हे.

मी तुला चारचौघांत उघडं पाडलं. तिच्यापेक्षा वरचढ ठरायचं म्हणून. त्याबद्दल जे म्हणायचं ते मला लिहिता येत नाही, ते म्हटलं असं समज.

मोजपट्टी


२१ ऑक्टोबर

ताई,

हे वाचायच्या आधी बस.

तुझ्या नणंदेचा मला निरोप आला. घरच्या ग्रुपवरून नंबर घेतला म्हणाली. सोप्या सोप्या वाक्यांत लिहिलंय, माझ्यासाठी. तू फक्त जेवायला खोलीबाहेर येतेस. टीव्हीकडे फिरकत नाहीस. तिचं काय चुकलं ते तिला कळत नाही. आणि पुढे असं: "शनिवारी ती तुमच्या भाषेत तुझ्याशी हळू आवाजात बोलायची. मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलते. माझ्याशी ती इतकं कधीच बोलली नाही. म्हणून मी मध्ये येऊन बसायचे."

हे वाचून मला आधी बरं वाटलं. नंतर बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं.

मला दोन गोष्टी करता येत होत्या. "तिला थोडा वेळ दे" असं काहीतरी गोड लिहायचं आणि तुला माझ्याकडेच ठेवायचं. शनिवार आपले राहिले असते. तू सांगितलं असतंस, मी ऐकलं असतं, आणि ती बाहेर बसली असती. मी तो निरोप लिहिलासुद्धा होता. व्याकरणाची एकही चूक नव्हती त्यात.

तो पुसला. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत दुसरा लिहिला. क्लासमध्ये जे रूप सिनेमांसाठी शिकले तेच वापरलं, कारण दुसरं मला येत नाही. माझी बहीण खोटं बोललेली नाही. तिला समजलेलं नाही. तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही. ती तुमच्या घरात एकटी पडली आहे.

मग आमच्याकडे येणाऱ्या लोकांच्या घरच्यांना मी जे सांगते ते सगळं शब्दकोश उघडून तिला सांगितलं. बोलताना समोर या, पाठीमागून बोलू नका. टीव्ही बंद करून बोला. एका वेळी एकानंच. ओरडू नका, सावकाश बोला. समजलं का असं विचारू नका, कारण ती हो म्हणेल. त्याऐवजी, काय समजलं ते विचारा. तिनं पुन्हा विचारलं तर "जाऊ दे, काही विशेष नाही" असं कधीही म्हणू नका. आणि ती हसली म्हणजे तिला कळलं, असं धरू नका.

ती लगेच म्हणाली, मी करीन. मग खूप वेळ "लिहिते आहे" असं दिसत राहिलं. मग आलं: "मी इतके महिने तिच्या शेजारी बसून बडबडले." मला वाटतं ती रडत होती. ती बरी मुलगी आहे, ताई. हे लिहायला मला किती जड गेलंय ते तुला कळेल.

शेवटी तिनं विचारलं, तुमच्या मालिकेत त्या हिरव्या कोटवालीचं काय झालं? मी सांगितलं नाही. म्हटलं, ते तुझ्यासाठी नाही. तिनं "बरं" म्हटलं. सगळंच काय द्यायचं तिला?

मी तुझ्या परवानगीशिवाय तिला कळवलं. चिडशील. चीड. त्या दिवशी तुला तोंडावर पाडलं, तेव्हा मला फक्त जिंकायचं होतं. या वेळी तसं नव्हतं, एवढंच म्हणता येईल. तू बाहेर ये. तिच्या समोर बस. तिला म्हण, "मला कळलं नाही." आमच्याकडे लोक ते वाक्य पहिल्यांदा म्हणतात तेव्हा घरचे रागावतील असं त्यांना वाटतं. मी तरी अजून कुणाला रागावलेलं पाहिलं नाही. एकमेकांना गप्प करतात आणि मग एकच जण बोलतो. हळूहळू तुम्ही दोघी एकाच वेळी हसायला लागाल. ते मला फोनवर कळेल, आणि मला त्रास होईल. तो माझा मी बघीन.

डॉक्टरांना मी सांगितलं की ती मालिका बंद पडली. ते म्हणाले, "असं कसं? घरात तर घेतलंय ना धाकटीला?" मी म्हटलं, अजून नाही.

पुढच्या महिन्यात माझी रजा मंजूर झाली आहे. तिकीट काढलं आहे. तू बोलावशील म्हणून थांबणार नाही, आणि मला काय दिसेल याची तू काळजी करू नकोस; दिसायचं ते दिसून झालं आहे. आईला मी सांगितलंय की ताईनं बोलावलं. तेवढं तू सांभाळून घे.

विमानतळावर तू एकटी ये. तिला ओळख करून द्यायची घाई असेल, ती स्वेटर घालून तयार होऊन बसेल, मला माहीत आहे. तिला सांग, घरी भेटू. पहिला तासभर तरी तिला आणू नकोस.

तुझी,
मोजपट्टी